चौदाव्या होलचे पाच

इन्व्हरलार्नी, ४ मार्च

प्रिय इनेस,

तुझं गोल्फचं कार्ड शनिवारी मिळालं. नेहमीप्रमाणे पाकिटात दुसरं काही नव्हतं. ना 'कसा आहेस', ना 'आहेस की गेलास'. ऑर्कनीतलं कुठलंसं नऊ होलचं मैदान, एक्केचाळीस फटके, आणि खाली, फटके लिहिणाऱ्या मार्करच्या सहीची जागा कोरी. हे धरून त्रेसष्ट झाली. नेटा माझी बायको असूनही ती बिस्किटांच्या डब्यात ठेवते. मी ठेवत नाही, हे आपलं सांगून ठेवतो.

अकरा वर्षांत त्रेसष्ट मैदानं म्हणजे कमाल आहे. पाहुणा म्हणून खेळणं म्हणजे काय ते मला ठाऊक नाही असं समजू नकोस. गाडीच्या डिकीवर बसून बूट बदलायचे, खिडकीवर फी भरायची, शनिवार-रविवार सभासदांचे म्हणून मंगळवारी दुपारी साडेतीनची वेळ घ्यायची, आणि वाळूचा बंकर कुठे आहे ते त्यात चेंडू गेल्यावर शिकायचं. शिकून झालं की घरी. मला आपल्या आठव्या होलच्या ग्रीनवर डोळे बांधून उभं केलं तरी उतार कुठल्या बाजूला आहे ते तळपायाला कळतं. याला पन्नास वर्षं लागतात आणि ते फी भरून मिळत नाही.

तुझं यावरचं उत्तरही मला पाठ आहे. "तू गोल्फ खेळत नाहीस वॉल्टर, हजेरी लावतोस." क्लबच्या गाडीतळावर म्हणाला होतास. इतरही बरंच म्हणाला होतास.

पत्राचं कारण वेगळं आहे. येत्या एप्रिलात माझ्या सभासदत्वाला पन्नास वर्षं होतात. समितीने मला तहहयात मानद सभासद करायचं ठरवलं आहे. सव्वीस तारखेला जेवण आहे. माझं नाव मानद सभासदांच्या लाकडी पाटीवर सोन्याच्या अक्षरांत येईल. बाबांनी तीस वर्षं त्या मैदानाचं गवत कापलं, पण माळ्याला सभासद होता येत नसे. ते चहासुद्धा मागच्या दारात उभं राहून प्यायचे. त्यांना हे आवडलं असतं.

तू यावंस असं मला वाटतं. तू राजीनामा दिलेला, त्यामुळे पाहुणा म्हणूनच यावं लागेल. सभासदाने पाहुण्याचं नाव दारातल्या वहीत लिहायचं असतं. ते मी लिहीन.

वॉल्टर


२१ मार्च

प्रिय इनेस,

किनटायरच्या मैदानाचं कार्ड पोचलं. अठ्ठ्याहत्तर. सही नाही, चिठ्ठी नाही, ना 'येतो', ना 'येत नाही'. चौसष्ट.

काल आमची कॅप्टन मोयरा स्ट्रॅकन घरी आली होती. वकील आहे, चाळिशीची, चटपटीत बाई. तुझ्या वेळी तिथे बायकांना वेगळं दार होतं, आता बाईच कॅप्टन आहे. जेवणाच्या वेळचं भाषण लिहून आणलं होतं.

"वॉल्टरकाका, ऐका हं, आणि खोटं वाटलं तर थांबवा," म्हणाली. पहिलं पान माझ्या पावसाळी टोपीवर होतं. दुसरं तुझ्यावर.

"'शरद चषकाच्या दिवशी,'" तिने वाचलं, "'ज्या माणसाने सख्ख्या भावाच्या कार्डातली चूक स्वतः जाऊन समितीला सांगितली, त्या माणसाला इन्व्हरलार्नी क्लब आज…' काका, पाणी देऊ का?"

मी म्हणालो, ब्रायडीचा घास अडकला. नेटाने ब्रायड्या गरम केल्या होत्या, आतलं मांस खरंच फार गरम होतं.

"हे एवढं लांबवू नकोस," मी मोयराला म्हटलं.

"वा! हाच तर मुद्दा आहे. नवीन पोरांना आम्ही हीच गोष्ट सांगतो. गोल्फला पंच नसतो, पंच आपणच, हे वॉल्टर गेडिसकडून शिका म्हणून."

म्हणजे मी आता धडा झालो आहे. नेटा टेबल पुसत होती. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा पुसलेलंच टेबल पुसलं.

तुझं कार्ड लिहिताना माझ्या हातून चूक झाली, हे मी तेव्हाच कबूल केलं होतं. पाचाच्या जागी चार पडले. काटेरी झुडपांत मी माझा चेंडू शोधत होतो, होलकडे ढकललेला तुझा पहिला पट मला दिसला नाही. सही करण्याआधी आकडे तपासणं हे खेळाडूचं काम असतं, मार्करचं नाही. यात मी वेगळं काय करायला हवं होतं ते अजून मला कोणी सांगितलेलं नाही.

तू येणार असशील तर दहा तारखेच्या आत कळव. कोंबडी की मासा तेही कळव.

वॉल्टर


१२ एप्रिल

प्रिय इनेस,

तू कळवलं नाहीस. मी तुझ्या नावापुढे मासा लिहिला होता. आता तो खोडला आहे, कारण जेवणच होणार नाही.

हे पत्र मी चार वेळा लिहायला घेतलं. दर वेळी सुरुवात त्या दिवशीच्या धुक्याने, म्हणजे सबबीने, होत होती, म्हणून फाडलं. समितीला पत्र देऊन आलो त्याला आता तीन दिवस झाले. त्याची नक्कल देतो. तिथे मला नीट ओळीने लिहावं लागलं, तसं तुला लिहिणं मला जमलं नसतं.

"कॅप्टन आणि समिती यांस. अकरा वर्षांपूर्वीच्या शरद चषकात मी माझा भाऊ इनेस गेडिस याचा मार्कर होतो, म्हणजे त्याच्या प्रत्येक होलचे फटके त्याच्या कार्डावर मी लिहीत होतो. चौदाव्या होलला त्याला पाच लागले. मी चार लिहिले. तोवर ती साधी चूक होती.

खेळ संपल्यावर आम्ही चहाच्या टेबलाशी बसलो. इनेस सगळ्यांना चौदाव्याची गोष्ट सांगू लागला: दुसरा फटका बंकरमध्ये, तिसऱ्याला बाहेर, मग दोन पट. मी मनात मोजलं. पाच. कार्ड माझ्यासमोर होतं, पेन्सिल माझ्या हातात होती. मी काही बोललो नाही. मार्कर म्हणून सही केली आणि कार्ड त्याच्याकडे सरकवलं. त्याने न बघता सही केली आणि ते पेटीत टाकलं. कार्ड एकदा पेटीत गेलं की दुरुस्त होत नाही, हे मला माहीत होतं.

मग मी चहा संपवला. वीस मिनिटांनी सेक्रेटरीकडे जाऊन सांगितलं की आत्ताच माझ्या लक्षात आलं. इनेस बाद झाला आणि चषक मला मिळाला. आत्ताच लक्षात आलं, हे खोटं होतं. चूक माहीत असून जो मार्कर सही करतो तो स्वतःही बाद ठरतो. समितीने त्याप्रमाणे करावं. वॉल्टर गेडिस."

बघ, इनेस, कार्डावर तुझे एकाहत्तर होते. खरे बहात्तर. माझे चौऱ्याहत्तर. मी पाच लिहिले असते तरी तू दोन फटक्यांनी जिंकलाच असतास. म्हणजे तुला हरवायला माझ्याकडे दुसरा रस्ता नव्हता, आणि हा आयता समोर येऊन पडला होता. तुझं नाव विजेत्यांच्या पाटीवर चार वेळा होतं. माझं एकोणचाळीस वर्षांत एकदाही नव्हतं. बाबा जाण्याआधी दर रविवारी आपले पाहुणे म्हणून आत येऊन त्या पाटीसमोर उभे राहायचे, तुला आठवतं? वाचून झालं की मला म्हणायचे, "होईल तुझंही." इतक्या प्रेमाने म्हणायचे की मला तुझा राग यायचा.

गाडीतळावर तू ओरडलास, "आधी मला सांगायचंस ना! तुझ्या हातचं कार्ड मी जन्मात कधी तपासलं नाही." मी म्हणालो, नियम म्हणजे नियम. त्यानंतर आईच्या अंत्यविधीला आपण भेटलो आणि रस्त्यावरच्या गर्दीबद्दल बोललो.

नेटाला मी समितीच्या आधी सांगितलं. ती कपबश्या विसळत होती. नळ बंद न करता म्हणाली, "मला माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"काय ते नाही. काहीतरी आहे ते. चषक घरी आणलास आणि कपाटात सुपाच्या भांड्यामागे ठेवलास. जिंकलेला माणूस चषक मागे ठेवतो होय रे? तू तर तिसऱ्या नंबरचं बशीएवढं पदक दिवाणखान्यात टांगलं होतंस."

मी म्हणालो, मग इतकी वर्षं विचारलं का नाहीस. ती म्हणाली, "विचारलं असतं तर तू नियम सांगितला असतास." मग नळ बंद केला.

मला लाज वाटते. हे लिहायला चार कागद गेले, म्हणून वेगळ्या ओळीत लिहितो.

वॉल्टर


९ मे

प्रिय इनेस,

समितीची बैठक झाली. मला बाहेरच्या बाकावर बसवलं होतं. बाक तोच, बाबा ज्यावर बूट झटकायचे.

मोयराने नियमाचं पुस्तक दोनदा वाचून दाखवलं. स्पर्धा संपल्यावर निकाल बदलत नाही. पण माहीत असून केलेल्या गोष्टीला मुदत नाही. त्यामुळे मी आजही बाद होऊ शकतो आणि झालो. तू मात्र निकालात परत येऊ शकत नाहीस. चुकीच्या कार्डावर सही तुझी होती, आणि खेळाडूची सही म्हणजे खेळाडूची सही. याबद्दल मी भांडलो. माझं भांडण ऐकून घ्यायला त्या खोलीत फारसं कोणी तयार नव्हतं, आणि ते बरोबरच होतं.

तेव्हा त्या वर्षीचा विजेता आता पंचाहत्तर फटक्यांचा आर्ची पिटकीथली. मासेवाला आर्ची, तोच. ब्याऐंशी वर्षांचा आहे, ऐकू कमी येतं. मोयराने तीनदा ओरडून सांगितलं.

"म्हणजे मी जिंकलो होतो?" आर्ची म्हणाला.

"हो, आर्चीकाका!"

"अकरा वर्षांपूर्वी?"

"हो!"

"अहो, माझी बायको जीन मरेपर्यंत मला 'ए दुसऱ्या' म्हणून हाक मारायची!" मग तो माझ्याकडे वळला. मला वाटलं, आता छत्री उगारतो. पण म्हणाला, "गेडिस, हे दोन वर्षं आधी सांगितलं असतंस तर तिलाही कळलं असतं." आणि बसला. मला त्याने छत्री मारली असती तर बरं झालं असतं.

रंगारी गुरुवारी आला. जुनी अक्षरं ओल्या फडक्याने निघतील असं मला वाटायचं. तसं नसतं. खरवडावी लागतात. माझं नाव गेलं तरी लाकडात त्याची फिकट खूण राहिली आहे, तिच्यावरच आर्चीचं नाव बसवलं. ते लांब असल्यामुळे खूण झाकली गेली. चषक मी धुऊन दिला.

समितीने मला काढलं नाही. एक वर्ष स्पर्धेत खेळायचं नाही, मानद सभासदत्व रद्द, एवढ्यावर सोडलं. मीच राजीनामा दिला. मोयरा दारापर्यंत आली आणि म्हणाली, "काका, ते नव्या पोरांना आम्ही आता काय सांगायचं?" मी म्हणालो, हीच गोष्ट सांगा, शेवट बदलून. ती हसली नाही.

गेले दोन शनिवार मी खिडकीशी बसतो. इथून खेळ सुरू होतो तो पहिला टी दिसतो हे तुला माहीत आहे. नेटा म्हणते पडदा लाव, नाहीतर बाहेर जा. तुझी कार्डं असलेला डबा तिने माझ्यासमोर आणून ठेवला. "डोळे मीट आणि एक काढ," म्हणाली. "चौसष्टातलं एक तरी मैदान दोन म्हाताऱ्यांना झेपेल."

तुझ्याकडून पाकीट आलेलं नाही. मार्चपासून एकही नाही. तू खेळायचा थांबला नसशील, अशी आशा करतो.

वॉल्टर


२० जून

प्रिय इनेस,

डब्यातून सदरलंडचं निघालं. तू तिथे आठ वर्षांपूर्वी ऑगस्टात गेला होतास. मेंढ्या अजून आहेत. ग्रीनभोवती त्यांच्यासाठी विजेची तार लावली आहे आणि ती ओलांडताना मी एकदा पाय पुरेसा उचलला नाही. नेटा इतकी हसली की विणकामाचे टाके सुटले.

पाहुणा म्हणून मी जन्मात पहिल्यांदा खेळलो. डिकीवर बसून बूट बदलले. पहिल्याच होलला बंकर कुठे आहे ते मला त्यात गेल्यावर कळलं. कोणी ओळखीचं नव्हतं, त्यामुळे मी वाईट मारलेला चेंडू हा फक्त वाईट मारलेला चेंडू होता. संध्याकाळपर्यंत त्याबद्दल कोणी मला विचारणार नव्हतं. चौथ्या होलवरून समुद्र अचानक समोर आला आणि मी तिथेच उभा राहिलो. इन्व्हरलार्नीतही समुद्र आहे. तो मी शेवटचा कधी पाहिला ते मला आठवेना. एवढ्यापुरतं तुझं म्हणणं खरं होतं असं धर. आठव्या ग्रीनबद्दलचं माझं म्हणणं मी मागे घेत नाही.

आता खरी गोष्ट. तिथे क्लबघर नाही, एक पत्र्याची खोली आहे. फीची पेटी भिंतीला ठोकलेली, आणि दोरीने बांधलेली पाहुण्यांची वही. तारीख, नाव, कुठल्या क्लबचा सभासद, असे तीन रकाने. वर्षाला शंभर माणसं येत नसतील. वही जुनीच चालू आहे. मी पानं मागे उलटली. नेटा म्हणाली, "काय शोधतोस?" मी म्हटलं, काही नाही.

ऑगस्टातल्या पानावर तू होतास. इनेस गेडिस. आणि तिसऱ्या रकान्यात, इन्व्हरलार्नी.

राजीनामा देऊन तेव्हा तुला तीन वर्षं झाली होती. मला वाटलं, सवयीने लिहिलं असशील. म्हणून दुसऱ्या दिवशी डब्यातलं पुढचं मैदान गाठलं, चाळीस मैलांवरचं. तिथेही वही होती. दोन वर्षांपूर्वीची तारीख, तुझं नाव, इन्व्हरलार्नी. नेटाने माझ्या हातातून वही घेतली, वाचली, आणि मला म्हणाली, "बस जरा." बसलो. मी रडलो, इनेस. भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत, एका अनोळखी माणसाच्या गवत कापायच्या यंत्रावर बसून.

मी माझं नाव लिहिलं. तिसऱ्या रकान्यात लिहायला माझ्याकडे काही नव्हतं. तो कोरा सोडला.

सोबत सदरलंडचं कार्ड जोडतो आहे. दोन वेळा नऊ, मिळून ब्याण्णव. वय बघून हसावं. दुसऱ्या फेरीतला पाचवा होल म्हणजे चौदावा. तिथे बंकरमध्ये गेलो, एकात बाहेर, दोन पट. पाच लागले, पाच लिहिले. मार्कर कोणी नव्हतं. नेटा बाकावर विणत होती आणि मोजत होती ते टाके. म्हणून ती जागा कोरी आहे.

वॉल्टर


५ जुलै

प्रिय इनेस,

पाकीट आज सकाळी आलं. आत माझंच कार्ड, आणि मार्करच्या जागी तुझी सही. सहीखालची आडवी रेघ बाबांसारखी मारतोस अजून.

मार्करने डोळ्यांनी पाहिलेल्या खेळावरच सही करायची असते. तू त्या दिवशी दीडशे मैल लांब होतास. तुला माझा एकही फटका दिसलेला नाही, आणि तरी ब्याण्णवच्या ब्याण्णव मान्य करून बसलास. नियमाने हे कार्ड बाद आहे.

ते डब्यात ठेवलेलं नाही. स्वयंपाकघरात घड्याळाखाली लावलं आहे.

मंगळवारी दुपारी साडेतीनला इन्व्हरलार्नीला पाहुण्यांची वेळ मोकळी होती. मोयराला फोन करून दोन नावं दिली. ती म्हणाली, दारातल्या वहीत तुम्हा दोघांची नावं लिहायला सभासद लागेल. आर्ची लिहितो म्हणाला.

तुझं कार्ड मी लिहीन. खेळ संपल्यावर सही करायच्या आधी ते तपासून घे, एकेक होल, अठराच्या अठरा. मी थांबेन.

वॉल्टर